राक्षसांचीं मापें घेणारा चित्रकार : आल्ब्रेख्ट ड्यूरर

वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शिंगें आणि सुळे असलेला एखादा राक्षस ज्यानें कधींच काढला नाहीं, असा विद्यार्थी आमच्या पाहण्यांत तरी आलेला नाहीं. गणिताचा तास लांबला म्हणजे हे राक्षस विशेष जोमानें जन्मास येतात, आणि गुरुजींच्या हातीं लागले म्हणजे तितक्याच त्वरेनें लोपतात. अशा बालचित्रकारांस, व त्यांच्या वह्या पाहून चिंतेंत पडणाऱ्या त्यांच्या आईबापांस, आज आम्ही एका अशा पुरुषाचें चरित्र सांगणार आहों, कीं ज्यानें सैतान, अजगर आणि मृत्यूचीं भेसूर रूपें आपल्या हयातींत वारंवार काढलीं, आणि तरीही यूरोपांतील अत्यंत विचारी व काटेकोर चित्रकारांत ज्याची गणना होते. त्याचें नांव आल्ब्रेख्ट ड्यूरर.

जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं ता. २१ मे १४७१ रोजीं ड्यूररचा जन्म झाला. त्याचा बाप सोनार होता व तो मूळचा हंगेरी देशांतला. त्याच्या मूळ गांवाच्या नांवाचा अर्थ दार असा असून, जर्मन भाषेंतील दार ह्या अर्थाच्या शब्दावरून त्यानें आपलें आडनांव घडविलें. घराण्याच्या चिन्हावरही उघडें दार दाखविलेलें आहे. आईचें नांव बार्बरा. ह्या दांपत्यास अठरा अपत्यें झालीं. त्यांपैकीं तीन मुलगे तेवढे वाढून मोठे झाले. प्लेग आणि ताप ह्यांनीं त्या काळीं कोणतेंही घर सोडलें नव्हतें, परंतु ड्यूररच्या घरीं मृत्यु हा नेहमींच्या पाहुण्यासारखा येत असे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

बापानें मुलास दुकानांत बसवून सोनारकाम शिकविलें. मुलाचें मन मात्र चित्राकडे ओढ घेई. तेरा वर्षांचा असतां, १४८४ सालीं, त्यानें आरशांत पाहून रुप्याच्या टोकदार सळईनें स्वतःचें चित्र काढलें. ही रेघ एकदां उमटली कीं खोडतां येत नाहीं. तरीही त्या मुलाचा हात डगमगलेला नाहीं. तें चित्र व्हिएन्ना येथील संग्रहालयांत आहे. इतकीं वर्षें शिकविलेलें सोनारकाम फुकट गेलें म्हणून बापास वाईट वाटलें, पण त्यानें मुलाचें ऐकलें, आणि १४८६ सालीं त्यास मिखाएल वोल्गेमूट नांवाच्या चित्रकाराच्या हाताखालीं ठेवलें.

ह्या कारखान्यांत त्या सुमारास एका प्रचंड ग्रंथाच्या चित्रांची तयारी चालली होती. हा ग्रंथ म्हणजे १४९३ सालीं प्रसिद्ध झालेला जगाचा इतिहास होय. त्यांत सुमारें अठराशें चित्रें असून तीं ६४५ ठशांवरून छापलेलीं आहेत. अर्थात् एकच नगर दोन-तीन नांवांनीं आणि एकच राजा अनेक राजे म्हणून त्यांत वावरतो. ग्रंथाचा प्रकाशक आंटोन कोबर्गर हा ड्यूररचा धर्मपिता होता. ह्या ग्रंथाच्या एका पानावर कुत्र्याच्या तोंडाचीं माणसें आहेत, डोकें नसून छातीवर नाकडोळे असलेलीं माणसें आहेत, आणि एकाच विशाल पायाचा एक मनुष्य उताणा पडून त्या पायाची छत्री करून उन्हापासून आपलें रक्षण करीत आहे. हे विलक्षण लोक कोठें राहतात म्हणून विचाराल, तर प्राचीन रोमन लेखकांच्या आधारें त्यांतल्या कित्येकांचा पत्ता हिंदुस्थान असा दिलेला आहे! आमच्या वाचकांपैकीं कोणास आपल्या पूर्वजांचीं हीं चित्रें पाहून हंसूं आलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु दूर देशच्या लोकांविषयीं आपणही असेंच कांहीं ऐकत व सांगत आलों आहों, हेंही विसरतां कामा नये.

शिक्षण पुरें झाल्यावर देशाटन करण्याची तेथें चाल होती. १४९२ सालीं ड्यूरर कोल्मार शहरीं पोहोंचला. तेथील मार्टिन शोंगाउअर हा त्या काळचा श्रेष्ठ कोरीवचित्रकार. त्याच्या पायांशीं बसून शिकावें ही ड्यूररची फार दिवसांची इच्छा. परंतु शोंगाउअर आदल्याच वर्षीं वारला होता. त्याच्या भावांनीं ड्यूररचें प्रेमानें स्वागत केलें. शोंगाउअरच्या एका प्रसिद्ध चित्रांत सैतानाच्या दूतांनीं साधु अंतोनीस हवेंत उचलून धरलें आहे. हे दूत कोणत्याही जातीचे नाहींत. कोणाला माशाचे खवले, कोणाला वटवाघळाचे पंख, कोणाला सोंड. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या मायकेल अँजेलोनें लहानपणीं ह्याच चित्राची रंगीत नक्कल केली, आणि सैतानाच्या खवल्यांचा रंग खरा साधावा म्हणून तो मासळीबाजारांत जाऊन मासे निरखीत असे, असें त्याच्या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. राक्षस काढावयाचा तर बाजारांत जावें लागतें, हें ह्या दोघांही मुलांनीं लौकरच ओळखलें.

१४९४ सालीं ड्यूररचें आग्नेस फ्राय हिच्याशीं लग्न झालें. त्याच वर्षीं तो इटालींत गेला आणि परत येऊन त्यानें स्वतःचा कारखाना मांडला. त्याच्या कामाची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. लाकडाच्या गुळगुळीत फळीवर चित्र काढून रेघा तेवढ्या राखावयाच्या व बाकीचें लाकूड खणून टाकावयाचें; मग उंच राहिलेल्या रेघांवर शाई फिरवून कागद दाबावयाचा. तांब्याच्या पत्र्यावरचें काम ह्याच्या उलट : तेथें रेघच खोल कोरावयाची आणि शाई त्या खोबणींत भरावयाची. ही दुसरी विद्या सोनाराच्या मुलास घरचीच होती. अशा रीतीनें छापलेलें चित्र गरिबालाही विकत घेतां येई. आग्नेस जत्रांतून हीं चित्रें विकीत असे, आणि प्रत्येक चित्रावर मोठ्या ए च्या पोटांत लहान डी अशी ड्यूररची खूण असे.

१४९६ च्या मार्च महिन्यांत लांडसेर गांवीं एक विचित्र डुकराचें पिलूं जन्मलें. त्यास डोकें एक, धडें दोन आणि पाय आठ. अशा जन्मावरून राज्यांवर येणारीं संकटें वर्तविण्याची त्या वेळीं रीत होती, आणि झेबास्टिआन ब्रांट ह्या विद्वानानें त्या पिलाचा तसा अर्थ लावून पत्रकही काढलें. ड्यूररनेंही हा विषय तांब्यावर कोरला. पण त्याच्या चित्रांत भविष्य नाहीं, शाप नाहीं. मागें गांव दिसत आहे, आणि पुढें तें बिचारें आठ पायांचें जनावर उभें आहे. त्याच्या पाठीवरचे राठ केससुद्धां मोजतां येतील.

ह्यानंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १४९८ सालीं, त्याच्या कीर्तीचा पाया घालणारें पुस्तक बाहेर पडलें. पवित्र शास्त्रांतील प्रकटीकरण ह्या शेवटच्या पुस्तकावरचीं हीं पंधरा चित्रें होत. हें काम कोणीं त्यास सांगितलें नव्हतें; सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणानें तें स्वतः काढलें, स्वतः प्रसिद्ध केलें आणि स्वतःच विकलें. नवें शतक दोन वर्षांवर आलें होतें. जगाचा अंत जवळ आला, असें पुष्कळांस वाटत होतें. अशा वेळीं लोकांच्या हातीं तें पुस्तक पडलें. त्यांतील चार घोडेस्वारांचें चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. विजय, युद्ध, दुष्काळ आणि मृत्यु हे चौघे एकदमच टापा टाकीत येतात. मृत्यूचा घोडा हाडांचा नुसता सांपळा आहे. त्याच्या खालीं भूमि जबडा वासून आहे आणि एक मुकुटधारी पुरुष त्या जबड्यांत चालला आहे. राजा म्हणून त्यास कोणी वगळीत नाहीं.

आम्हांस मात्र त्याच पुस्तकांतील दुसरें एक चित्र अधिक मोलाचें वाटतें. त्यांत देवदूत मिखाएल अजगराशीं व त्याच्या साथीदारांशीं युद्ध करीत आहे. तो कांहीं रुबाबदार योद्धा नव्हे. दोन्ही हातांनीं भाला धरून, सारें बळ एकवटून, तो तो अजगराच्या गळ्यांत रेटीत आहे. हें काम कष्टाचें आहे, हें त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें आहे. वरच्या भागांत ही झोंबाझोंबी, पंख, नख्या आणि शेपट्या. आणि खालीं काय? खालीं एक शांत गांव, चर्चचा मनोरा, झाडें आणि पाणी. त्या गांवांत कोणासही वर काय चाललें आहे ह्याची वार्ता नाहीं.

येथें एक अप्रिय गोष्टही नमूद केली पाहिजे. चेटकिणींविषयींची भीति त्या काळीं वाढत होती, आणि त्यांना कसें ओळखावें व शिक्षा कशी द्यावी हें शिकविणारा एक भयंकर ग्रंथ १४८६ च्या सुमारास छापला गेला होता. ड्यूररनेंही चेटकिणींचीं कांहीं चित्रें काढलीं; एकींत म्हातारी बोकडावर उलटी बसून आकाशांतून चालली आहे. त्याच्या कारखान्यांत काम केलेल्या हान्स बाल्डुंगनें पुढें असलीं चित्रें पुष्कळच काढलीं. ह्या भीतीपायीं यूरोपांत सुमारें तीन शतकांत चाळीस ते साठ हजार माणसें, त्यांत बहुतेक स्त्रिया, ठार मारण्यांत आलीं. ह्या पापांत चित्रांचा वांटा लहान असेल. तो मुळींच नव्हता असें म्हणण्यास मात्र आम्ही धजत नाहीं. कागदावरचा राक्षस निरुपद्रवी असतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला त्याचें नांव दिलें म्हणजे तो निरुपद्रवी राहत नाहीं.

१५०५ ते १५०७ पर्यंत ड्यूरर पुन्हां इटालींत, व्हेनिस येथें होता. त्याच्या त्या वेळच्या पुष्कळ रंगीत चित्रांविषयीं येथें सांगण्यास जागा नाहीं. आम्ही १५१३ सालाकडे वळतों. त्या सालीं त्यानें तांब्यावर जें चित्र कोरलें तें लांबीरुंदीला शाळेच्या वहीच्या पानाहून मोठें नाहीं. चिलखत घातलेला एक स्वार अरुंद खिंडींतून चालला आहे. बाजूला मरतुकड्या घोड्यावर मृत्यु आहे. त्याच्या डोक्याभोंवतीं साप वेटाळलेले आहेत आणि हातांत वाळूचें घड्याळ आहे. मागून सैतान येत आहे. डुकरासारखें लांबट तोंड आणि डोक्यावर वांकडें शिंग. त्याला पाहून भीतीपेक्षां किळस अधिक येते, आणि खरें सांगावयाचें तर थोडें हंसूंही येतें. स्वार दोघांकडेही पाहत नाहीं. त्याच्या घोड्याचें प्रत्येक अंग ड्यूररनें मापून बसविलें होतें, आणि स्वाराचें चिलखतही त्यानें १४९८ सालीं प्रत्यक्ष पाहून रंगविलेल्या चित्रावरून घेतलें.

पुढच्याच वर्षीं त्याच्या स्वतःच्या घरीं तो तिसरा सोबती आला. वडील १५०२ सालीं वारले होते, आणि म्हातारी आई त्याच्याजवळ राहत होती. १५१४ च्या मार्च महिन्यांत त्यानें कोळशानें तिचें चित्र काढलें. गालफडें बसलेलीं, मानेच्या शिरा ताठलेल्या, कपाळावर सुरकुत्यांचीं शेतें. तिचें वय त्रेसष्ट असल्याचें त्यानें वरच्या कोपऱ्यांत लिहिलें. मुलानें आईला सुंदर केलें नाहीं. कांहीं लपविलेंही नाहीं. दोन महिन्यांनीं, ता. १७ मे रोजीं ती वारली. आपल्या घराण्याच्या टिपणवहींत ड्यूररनें तिच्या अखेरच्या घटकांचें वर्णन केलें आहे. तिला मरणाची फार भीति वाटे, परंतु देवासमोर उभें राहण्याची वाटत नसे. बराच वेळ वाचा बंद असतां तिनें एकदम पवित्र पाणी मागितलें. त्यावरून तिला कांहीं तरी भयंकर दिसलें असावें, असें त्यास वाटलें. मृत्यूनें तिच्या काळजावर दोन मोठे घाव घातलेले आपण पाहिले, आणि नंतर तिचा चेहरा जिवंतपणापेक्षांही प्रसन्न दिसला, असेंही तो लिहितो. साऱ्या जर्मनीला सैतान कसा दिसतो हें ज्यानें दाखविलें, तो त्या खाटेपाशीं उभा होता. आणि आईला जें दिसलें तें त्याला दिसलें नाहीं.

त्याच सालीं त्यानें विषादाचें प्रसिद्ध चित्र कोरलें. पंख असलेली एक स्त्री हातावर गाल टेकून बसली आहे. भोंवतीं करवत, खिळे, तराजू अशीं हत्यारें पसरलीं आहेत, आणि एकालाही हात लावण्याचें तिच्या मनांत नाहीं. आकाशांत वटवाघळासारखा एक प्राणी चित्राचें नांव घेऊन उडत आहे. भिंतीवर अंकांचें यंत्र आहे : १६, ३, २, १३, खालीं ५, १०, ११, ८, त्याखालीं ९, ६, ७, १२, आणि शेवटीं ४, १५, १४, १. उभी, आडवी, तिरपी, कोणतीही ओळ घ्या, बेरीज चौतीस. गणिताचा तास ज्यांना लांब वाटतो त्यांनीं ती अवश्य पडताळून पाहावी. असलीं यंत्रें ग्रहपीडा व खिन्नता दूर करतात, असा तेव्हां समज होता. आपल्याकडेही खजुराहो येथील पार्श्वनाथाच्या देवळांत चौतीस बेरजेचें असेंच यंत्र कोरलेलें आहे. ड्यूररच्या यंत्राच्या खालच्या ओळींत मधले दोन आंकडे १५ व १४ आहेत. म्हणजे आईच्या मृत्यूचेंच साल.

आतां आमच्या प्रांताशीं संबंध असलेली हकीकत येते. १५१४ सालीं गोंव्याचा पोर्तुगीज अधिकारी अल्बुकर्क ह्यानें गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा ह्याच्याकडे वकील पाठविले व दीव येथें किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानानें परवानगी दिली नाहीं. पण वकिलांना रिकाम्या हातीं पाठवूं नये म्हणून एक जिवंत गेंडा भेट दिला. किल्ल्याऐवजीं गेंडा मिळालेल्या अल्बुकर्कनें तो आपल्या राजाकडे पाठविण्याचें ठरविलें. १५१५ च्या जानेवारींत गेंडा गोंव्याहून जहाजावर चढला, आणि ता. २० मे रोजीं लिस्बनला उतरला. रोमन बादशाहीनंतर यूरोपांत आलेला हा पहिलाच जिवंत गेंडा. पोर्तुगीज लोक त्याला गंडा म्हणत. हा शब्द कोठून गेला हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जून महिन्यांत राजानें त्याची हत्तीशीं झुंज लावली, तों हत्ती झुंजीपूर्वींच पळून गेला.

ह्या प्राण्याचें वर्णन आणि एक ओबडधोबड चित्र न्यूरेंबर्गला पोहोंचलें. तेवढ्यावरून ड्यूररनें लाकडी ठशाचें चित्र तयार केलें. गेंडा त्यानें जन्मांत कधीं पाहिला नाहीं. चित्रांतला गेंडा चिलखत ल्यालेला दिसतो. पायांवर खवले आहेत आणि पाठीवर मानेजवळ नसलेलें एक लहानसें शिंग उगवलें आहे. तरीही आपल्या आसामच्या गेंड्याच्या कातडीला खरोखरच ढालीसारख्या घड्या असतात, हें लक्षांत घेतां, ऐकीव माहितीवरून इतकें साधलें हेंच आश्चर्य. त्या चित्राच्या प्रति हजारांनीं खपल्या, आणि अठराव्या शतकापर्यंत विद्वानांच्या ग्रंथांतून तोच शिंगाचा गेंडा फिरत राहिला. ज्या देशांत एकपायी मनुष्य राहतात म्हणून छापलें होतें, त्या देशाहून प्रत्यक्ष आलेला हा पहिला राक्षस, आणि तो साधा गवत खाणारा प्राणी निघाला! त्या मुक्या जिवाचा शेवट मात्र वाईट झाला. राजानें त्याला रोमच्या पोपकडे नजराणा म्हणून पाठविलें, आणि १५१६ च्या आरंभीं इटालीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालें. सांखळदंडांनीं जखडलेला असल्यामुळें त्याला पोहतां आलें नाहीं.

बादशहा माक्सिमिलिआन ह्यानें ड्यूररला वार्षिक शंभर गुल्डेनांची नेमणूक बांधून दिली होती. १५१९ सालीं बादशहा वारला, तेव्हां ती पुढें चालू राहावी म्हणून १५२० च्या जुलैंत ड्यूरर बायकोसह नेदर्लंड्सकडे निघाला. ह्या प्रवासाची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. अँटवर्प शहरीं एका प्राचीन दैत्याचीं हाडें दाखवीत असत. लोक पाहून थक्क होत व घरीं जात. ड्यूररनें दैत्याच्या मांडीच्या हाडाची लांबी लिहून घेतली : साडेपांच फूट. तीं हाडें देवमाशाचीं होतीं. ब्रसेल्स येथें त्यानें मेक्सिकोहून आलेला सोन्याचा सूर्य, रुप्याचा चंद्र आणि विचित्र शस्त्रें पाहिलीं. त्या लोकांच्या देवतांस यूरोपांतील पुष्कळजण सैतान म्हणत. पण ह्या वस्तूंनीं झाला तसा आनंद आयुष्यांत कशानेंही झाला नाहीं, आणि दूर देशच्या त्या कारागिरांच्या बुद्धीनें आपण चकित झालों, असें ड्यूररनें टिपून ठेवलें.

डिसेंबरांत झीलंडच्या किनाऱ्यावर प्रचंड देवमासा लागल्याची बातमी आली. थंडीची पर्वा न करतां ड्यूरर निघाला. वाटेंत धक्क्याजवळ दोर तुटून त्याचें जहाज वाऱ्यानें समुद्रांत ओढलें गेलें. जहाजावर मोजकीं माणसें उरलीं होतीं व तांडेलाचाही धीर सुटला. ड्यूररनें त्याला धीर दिला. सर्वांनीं मिळून लहान शीड उभारलें आणि जहाज कसेंबसें परत लागलें. इतकें करून तो पोहोंचला तों देवमासा भरतीनें वाहून गेलेला! त्या प्रवासांतून त्यानें ताप मात्र बरोबर आणला, आणि त्यानें पुढें त्याचा पिच्छा सोडला नाहीं. वैद्यासाठीं काढलेलें त्याचें एक चित्र आहे, त्यांत तो उघड्या अंगानें उभा राहून प्लीहेच्या जागीं बोट दाखवीत आहे. दुखणें तेथें आहे, एवढेंच त्यास सांगावयाचें आहे.

१५२४ सालीं सर्व ग्रह मीन राशींत जमून महापूर येणार, असें ज्योतिष्यांचें भाकित यूरोपभर पसरलें होतें. पूर आला नाहीं. परंतु १५२५ च्या जून महिन्यांत, पेंटेकॉस्टच्या सणानंतर, एका रात्रीं ड्यूररनें स्वप्न पाहिलें कीं, आकाशांतून पाण्याचे प्रचंड लोट कोसळत आहेत. अंग थरथरत तो जागा झाला. सकाळीं उठून त्यानें तें पाण्याच्या रंगांनीं कागदावर उतरविलें आणि खालीं हकीकत लिहिली. पहिला लोट आपल्यापासून सुमारें चार मैलांवर पडला, हें अंतरसुद्धां त्यानें लिहून ठेविलें आहे. ह्या चित्रांत अजगर नाहीं, शिंगें नाहींत, स्वार नाहींत. विस्तीर्ण, ओसाड सपाट भूमि आहे, दूरवर झाडांचे ठिपके आहेत, आणि मधोमध निळाकाळा पाण्याचा खांब. आमच्या मतें त्यानें काढलेल्या सर्व चित्रांत हेंच सर्वांत भयानक आहे.

ता. ६ एप्रिल १५२८ रोजीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, ड्यूरर न्यूरेंबर्ग येथें वारला व तेथील योहानिस दफनभूमींत त्यास पुरण्यांत आलें. त्याच्या केसांची एक बट हान्स बाल्डुंगकडे पाठविण्यांत आली. मनुष्यदेहाच्या प्रमाणांवर तो कित्येक वर्षें एक ग्रंथ लिहीत होता. त्यांत पुरुष, स्त्री आणि बालक ह्यांच्या प्रत्येक अवयवाचें माप दिलेलें आहे. ड्यूररच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनीं, १५२८ च्या ऑक्टोबरांत, तो आग्नेसनें छापून प्रसिद्ध केला.